ओला, सुका आणि उरलेला

इंदुरात राहून काही नवं सुचायचं म्हणजे जरा अवघडच आहे. कारण इथं रस्त्यात काही पडलेलंच सापडत नाही. दुसऱ्या गावात कोपऱ्यावर वळलं की तुटकी छत्री, बिनचाकाची सायकल, कुणाच्या तरी मुंजीतलं उरलेलं मखर असं काहीतरी दिसतं आणि डोक्यात किडा वळवळतो. आमच्याकडे नजर रस्त्याच्या टोकापर्यंत जाते आणि रिकाम्या हातांनी परत येते. २०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर! सातव्या वेळी तो सुरतेबरोबर वाटून घ्यावा लागला, त्याची हळहळ अजून पोह्यांच्या ठेल्यावर ऐकू येते. कौतुक करायलाच हवं आणि मी करतेही. मुंबईची नणंद आली की तिला मुद्दाम सकाळी फिरायला नेते आणि काही बोलत नाही. नुसती बघते, तिच्या लक्षात येतंय का.

पण कौतुक करून झाल्यावर माझी एक कुरकुर उरते. सकाळी गाणं वाजवत जी कचऱ्याची गाडी येते तिला कप्पे आहेत: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, इलेक्ट्रॉनिक आणि घरातला घातक. कुठली वस्तू कुठे जाणार हे पोरासोरांनासुद्धा पाठ. त्यामुळे वस्तू हातात आली की 'हिचं काय करता येईल' हा प्रश्न पडतच नाही, 'ही कशात टाकायची' एवढाच पडतो. केळ्याची सालं ओल्यात. तिथून ती देवगुराड्याला, २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या कारखान्यात. रोज ५५० टन ओला कचरा पचवायची त्याची ताकद. त्याचा गॅस होतो आणि त्या गॅसवर शहरातल्या बसगाड्या पळतात. म्हणजे केळ्याच्या सालीचं काय करायचं तेही महापालिकेला आमच्या आधी सुचलेलं. आता आम्ही सुचवायचं तरी काय?

शनिवारी दुपारी आमच्या बिल्डिंगमधली आणि आजूबाजूची मुलं माझ्याकडे चित्रं काढायला येतात. क्लास म्हणण्यासारखं ते काही नाही. पण पालक अधूनमधून गंभीर चेहऱ्यानं येतात आणि विचारतात, "काकू, याला क्रिएटिव्ह कसं करायचं?" हातात नवाकोरा, मोठ्ठा रंगांचा संच असतो. मी संच ठेवून घेते आणि म्हणते, पुढच्या वेळी घरातलं काहीतरी मोडकं पाठवा. ते हसतात. मी थट्टा करते आहे असं त्यांना वाटतं.

याच गावात चित्रकार विष्णू चिंचाळकर राहत होते. जन्म १९१७, गेले २००० साली. लोक त्यांना गुरुजीच म्हणत. देवळालीकर मास्तरांनी १९२७ मध्ये इंदुरात चित्रकलेची शाळा काढली आणि तिथून ना. श्री. बेंद्र्यांसारखा चित्रकार बाहेर पडला. मकबूल फिदा हुसेनही काही काळ तिथं शिकले. बेंद्रे पुढे बडोद्याला गेले, हुसेननी मुंबईत जाऊन सिनेमाचे फलक रंगवले. चिंचाळकर त्याच तालमीतले, पण ते इथंच रमले. आणि रमले ते कशात? वाळक्या पानांत, झाडाच्या सालीत, मुळांत, कुणी टाकून दिलेल्या तुटक्याफुटक्या वस्तूंत. त्यांना त्यात चेहरा दिसायचा, पक्षी दिसायचा, आणि तो आपल्यालाही दिसावा एवढ्यापुरताच ते हात लावायचे. अक्षरं आणि अंक फिरवून त्यांतून प्राणी आणि माणसं काढणारं मुलांसाठीचं पुस्तकही त्यांनी केलं. पान पानच राहतं, पण एकदा त्यातली म्हातारी दाखवली की पुन्हा ते पान म्हणून बघता येत नाही. मला त्यांचं हे अवघड वाटतं. रंगवायला कुणीही शिकेल. रंगवायची गरज नाही हे ओळखून थांबायचं, त्याला जास्त धीर लागतो.

आता यावर कुणी म्हणेल की हे तर शाळेत शिकवतातच, बेस्ट आउट ऑफ वेस्ट! त्या प्रकाराबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. आदल्या रात्री दहाला मूल सांगतं की उद्या रिकामी बाटली न्यायची आहे. मग भरलेली बाटली विकत आणली जाते, बाप ती घाईघाईनं पितो, आई कापते, त्यावर चमकी चिकटवते आणि सकाळी पेन ठेवायचा डबा तयार. महिन्याभरानं तो सुक्यात जातो. आधी नुसती बाटली होती ती निदान वेगळी काढता आली असती, आता तिला डिंक, चमकी, लोकर आणि टिकल्या. आधी तयार वस्तू ठरवायची आणि मग तिच्यासाठी कचरा शोधायचा, हा उलटा धंदा आहे.

माझ्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात सध्या कुलूप हरवलेल्या किल्ल्या, चिंचोके, कुकरची जुनी शिटी, घड्याळाचा पट्टा, एकटं राहिलेलं कानातलं, गुलमोहराची शेंग आणि कशाचं तरी एक झाकण आहे. कशाचं ते कुणालाच आठवत नाही. विकत आणलेली वस्तू डब्यात येत नाही आणि दिवाळीच्या साफसफाईला डबा रिकामा होतो. मुदत असली की वस्तूकडे नीट बघितलं जातं.

शनिवारी प्रत्येक मुलानं डोळे मिटून एकेक वस्तू काढायची आणि लगेच पेन्सिल उचलायची नाही. नुसती फिरवायची. उलटी, आडवी, उजेडाच्या बाजूनं. पहिल्यांदा सगळी म्हणतात, "ही कुकरची शिटी आहे." बरं. मग म्हणतात, "रॉकेट." मुलग्यांच्या हातात काहीही द्या, पहिलं रॉकेटच निघतं. त्यानंतर रोबो निघतो. हे सगळं फोनमधून आलेलं असतं, ते बाहेर पडू द्यावं लागतं. मग मुलं कंटाळतात. कुणी जमिनीवर लोळतं, कुणी पाणी प्यायला जातं, आणि मी मुद्दाम काही मदत करत नाही. अशाच एका कंटाळ्यात एक मुलगी शिटी डोळ्यासमोर धरून म्हणाली, "काकू, हा होळकरांच्या दरबारातला माणूस आहे. पगडी घातलीये. आणि खूप चिडलाय, म्हणून वाफ येते." त्यानंतर सगळा दरबार झाला. किल्ल्या भालदार-चोपदार, शेंग म्हणजे तलवार. त्या अनोळखी झाकणाला सिंहासन मिळालं.

मोठ्यांचंही वेगळं नसतं. लिहायला बसलं की पहिलं वाक्य रॉकेट असतं.

आमच्या घरात या डब्यावरून दोन पक्ष आहेत. सूनबाईंचा नियम असा की वर्षभर ज्या वस्तूला हात लागला नाही ती घराबाहेर. सासूबाईंचं म्हणणं, "असू दे, लागेल." एकदा सूनबाईंनी हा वर्षाचा नियम त्यांना फार प्रेमानं समजावून सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, "तसं असेल तर आधी माझाच नंबर लागायचा गं." पुढे विषय वाढला नाही.

पण सासूबाईंच्या ट्रंकेबद्दल एक सांगायला हवं. त्यांच्या साठवण्यात आणि नुसत्या साठवण्यात फरक होता. ट्रंकेतल्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या व्हायच्या. मऊ झालेलं लुगडं आत, जरा दमाचं कापड काठाला. नक्षी आधी ठरत नसे. लाल तुकडा जिथं संपला तिथं निळा सुरू. निळा अपुरा पडला तर मध्ये सासऱ्यांच्या सदऱ्याची पट्टी. मी एकदा विचारलं, हे असं कसं सुचलं? त्यांना प्रश्नच कळला नाही. "तेवढंच उरलं होतं," म्हणाल्या. माझ्या धाकट्या मुलाकडे कॉम्प्युटरवर लाखो रंग आहेत आणि एका लग्नपत्रिकेचा रंग ठरवायला त्यानं घर डोक्यावर घेतलं होतं.

उरलेल्याचं मोल आमच्या सराफ्यालाही कळतं. दिवसभर ओट्यांमागे सोन्याचांदीचे व्यवहार, आणि रात्री दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांसमोर मक्याचा कीस, थंडीत गराडू म्हणजे तळलेला कंद, वर जिरावण मसाला. बाजार एक, पाळ्या दोन. बंद दुकानासमोरची जागा रात्रभर वाया जाते आहे हे ज्याला पहिल्यांदा दिसलं त्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही, पण माझ्या लेखी तो मोठा कलावंत. सराफ्यात आणखी एक जमात असते, झारेकऱ्यांची. इकडे त्यांना न्यारिये म्हणतात. सोनारांच्या दुकानासमोरची धूळ, राख, गटारातला गाळ ते धुतात आणि त्यातून सोन्याचे कण काढतात. गावाचा कचरा वेगवेगळा करायला आम्ही फार उशिरा शिकलो, हे लोक पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आलेत.

वस्तूंचं एक झालं. वाया जाणाऱ्या वेळेला मात्र कुठलाच डबा नाही. रांगेतला वेळ, सिग्नलचा वेळ, डॉक्टरकडे नंबर यायचा वेळ, हा आपण आता जन्मताच फोनमध्ये टाकतो. इंदूरहून देवासला जाताना मला दर वेळी कुमार गंधर्व आठवतात. क्षयानं आजारी पडून ते १९४८ साली तिथं राहायला आले, हवा कोरडी म्हणून. गायला बंदी. पाच-सहा वर्षं! ऐन विशी-पंचविशीतला गवई नुसता पडून आहे. त्या काळात खिडकीतून जे आत येत होतं ते माळव्यातल्या बायकांचं गाणं होतं: लग्नातलं, पावसातलं, जात्यावरचं. पुढे त्या लोकधुनांतून त्यांनी नवे राग बांधले, त्यांना धुनउगम राग म्हटलं. आजार चांगला असं म्हणायचा अगोचरपणा मी करणार नाही, आणि पडून राहिलेल्या प्रत्येकाला राग सुचतो असंही नाही. पण गळा बंद होता म्हणून कान दुप्पट उघडे राहिले असतील, एवढं मला वाटतं.

म्हणून मी सिटी बसमध्ये कानात काही घालत नाही. ऐकायला मिळतं ते काही लोकगीत नसतं. परवा दोन कॉलेजच्या मुली पूर्ण प्रवासभर एका तिसरीला व्हॉट्सअ‍ॅपवर काय उत्तर द्यावं यावर खल करत होत्या. उत्तर शेवटी "ओके" एवढंच ठरलं, पण त्याआधी खोडलेल्या मजकुराची एक एकांकिका नक्की झाली असती. कंडक्टर मागून ओरडत होता, "चलो भिया, आगे सरको, आगे बहुत जगह है." आणि गंमत म्हणजे ही बस कदाचित आमच्याच घरच्या परवाच्या दुधीच्या सालांवर चालली होती.

साठवायचं एवढं पुराण सांगितल्यावर पितृपक्षातल्या संजाबद्दल न सांगणं लबाडीचं होईल, कारण ती सगळी टाकण्याची कला आहे. माळव्यातल्या मुली भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत भिंतीवर शेणानं रोज एक आकृती काढतात. पौर्णिमेला पाटला, चौथीला चौपड म्हणजे सोंगट्यांचा पट, पंचमीला पाच कुंवारे, सप्तमीला सातिया म्हणजे स्वस्तिक, अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल, नवमीला डोकरा-डोकरी. वर फुलांच्या पाकळ्या, चमकदार पन्नी. संध्याकाळी आरती, गाणी. दुसऱ्या दिवशी आधीचं खरवडायचं आणि नवं लावायचं. काल कितीही सुबक जमलेलं असो, आज भिंत मोकळी हवी. शेवटी किलाकोट नावाची मोठी आकृती, त्यात सगळं गाव, आणि मग तोही नदीत. आपल्या भोंडल्याची मजा खिरापत ओळखण्यात, तशी इथली मजा उद्या काय येणार ते ठाऊक असूनही ते आपल्या हातानं कसं येतं ते बघण्यात. चौपड एकच, पण गल्लीत तिच्या पाच तऱ्हा.

आता छापील कागदी संजा बाजारात मिळते. फ्लॅटच्या भिंतीला शेण कोण लावू देणार, तेव्हा तिला नावं ठेवत नाही. पण सगळे दिवस एकाच कागदावर आधीच तयार असले तर पोरींनी करायचं काय? गेल्या वर्षी आम्ही फ्रिजचं मोठं खोकं मागून आणलं, त्यावर गोवऱ्यांचा चुरा भिजवून लावला, फुलं देवळातली निर्माल्याची घेतली. सूनबाई सहा फूट लांब उभी होती, पण पन्नी कापून तिनंच दिली. मोडायच्या दिवशी खरा वाद झाला: शेण ओल्यात, खोकं सुक्यात, पन्नी प्लास्टिकात, मग अख्खी संजा कशात? मुलांनी ती तासभर बसून सुटी केली.

यंदाचा वाद वेगळा आहे. किलाकोटात जाडी जसोदा आणि पातळी पेमा हव्यातच, सूर्य-चंद्र हवेत, गाण्यातली संजाबाई सासरी जाते ती तिची गाडीही हवी, इथपर्यंत एकमत आहे. पण बिल्डिंगमधला एक दुसरीतला मुलगा अडून बसलाय की इंदुरात आता मेट्रो सुरू झाली, तर संजाबाई बैलगाडीनं कशाला जाईल? मुलींचा याला सक्त विरोध. गाण्यात गाडी म्हटलंय, तेव्हा गाडीच. तो म्हणतो, मेट्रो पण गाडीच असते. प्रकरण सासूबाईंकडे गेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याला एकच विचारलं,

"तुझ्या मेट्रोचं स्टेशन तिच्या सासराजवळ आहे का रे?"

तो सध्या मार्ग आखतोय.