सेकंदाला वीस रुपये

लग्नांचं शूटिंग हा माझा धंदा. हळदीपासून पाठवणीपर्यंत दोन कॅमेरे, एक ड्रोन आणि जळगावला परत आल्यावर हार्ड डिस्कवर दीड-दोनशे जीबी. त्यातलं अर्धंही कोणी बघत नाही, नवरदेवाच्या घरचेसुद्धा. त्यामुळे काकांचा सुपर एट कॅमेरा, म्हणजे आठ मिलिमीटर रुंद फिल्मवर चालणारा जुना सिने कॅमेरा, हातात आला तेव्हा मला सगळ्यात जास्त हसू आलं ते त्याच्या हिशोबाचं. एका कार्ट्रिजमध्ये पन्नास फूट फिल्म, म्हणजे ३६०० फ्रेम. सेकंदाला १८ फ्रेमने चालवली तर तीन मिनिटं वीस सेकंद. संपलं. आमच्याकडे नवरी मांडवात येतानाचाच शॉट याहून मोठा असतो.

काका भुसावळला रेल्वेत होते. ते गेल्यावर काकूंनी माळा आवरायला काढला आणि मला फोन केला, ‘तुझ्या कामाचं काही असलं तर ने, नाही तर भंगारवाला येऊन राह्यला.’ कॅननचा कॅमेरा, एक प्रोजेक्टर आणि पत्र्याचा रिकामा डबा. काकांनी काढलेल्या रिळांचा पत्ता नव्हता. कॅमेऱ्यात सेल तसेच राहिले होते, ते गळून पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर चढलेला. लिंबू पिळून, कापसाच्या बोळ्याने घासून तो काढला, नवीन पेन्सिल सेल टाकले आणि खटका दाबला. घर्र. इतका मोठा आवाज झाला की मी घाबरून बोट काढलं.

पुढचा अडसर उजेड मोजणाऱ्या काट्याचा. त्याला लागणारा बटणासारखा पाऱ्याचा सेल आता बनतच नाही. तो १.३५ व्होल्टचा होता. त्याच्या सगळ्यात जवळचा म्हणजे कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल, १.४ व्होल्टचा. शेजारच्या खोलीत आबांच्या कानात तेच मशीन! दोन सेल उसने घेतले. या सेलचा एक गुण असा की वरचं स्टिकर काढलं की हवा लागून तो जागा होतो आणि मग वापरा न वापरा, काही आठवड्यांत संपतो. आबांनी तीन दिवस कोणाचं काही ऐकलं नाही. चौथ्या दिवशी नवीन पाकीट आणून दिलं, तर म्हणाले, बरं चाललं होतं.

फिल्म मागवली ती कोडॅकची ट्राय-एक्स, कृष्णधवल. रंगीत मुद्दामच टाळली, कारण रंगीत घरी धुणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. चुलतभाऊ अमेरिकेहून येणार होता. त्याला बजावून सांगितलं, हातातल्या बॅगेतच ठेव. चेक-इन बॅगेच्या स्कॅनरमधून न धुतलेली फिल्म गेली तर तिच्यावर धुकं चढतं. दोन कार्ट्रिज आली. एकेक चार हजाराच्या घरात पडलं. दोनशे सेकंदांना चार हजार, म्हणजे सेकंदाला वीस रुपये. हा हिशोब मी फैजपूरच्या आत्यासमोर मोठ्याने केला, ही माझी पहिली चूक.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आत्या माहेरी येते. अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला, पोरी-बाया जमलेल्या. पहिलं कार्ट्रिज त्यावरच घालवायचं ठरवलं. लग्नपत्रिकेच्या मागे शॉट लिहून काढले: एकेक सहा-सात सेकंदांचा, सगळे मिळून तीसेक. आयुष्यात पहिल्यांदा मी शूटिंगच्या आधी काही लिहिलं. आमच्या धंद्यात आधी काढायचं आणि मग शोधायचं, अशी पद्धत आहे.

पण ट्राय-एक्सचा वेग, म्हणजे उजेड पकडायची ताकद, २०० आणि आपलं ऊन वैशाखातलं. १८ फ्रेमला दर फ्रेमसाठी शटर उघडं राहतं साधारण एक-चाळिसांश सेकंद. एवढ्या उजेडाला लेन्सचं छिद्र कितीही बारीक केलं तरी पुरत नाही. काटा सरळ लाल पट्टीत जाऊन बसला. लग्नाच्या बॅगेतला उजेड कमी करणारा काळा एनडी फिल्टर लेन्ससमोर रबर बँडने बांधला. हा कॅमेरा लेन्समधूनच उजेड मोजतो, म्हणून पुढचं गणित त्याचं त्याने केलं. आतला नारिंगी फिल्टर मुद्दाम काढला नाही. तो खरा रंगीत फिल्मसाठी, पण कृष्णधवलमध्ये त्याने निळं आभाळ जरा काळवंडतं आणि झोक्यावरची पांढरी ओढणी उठून दिसते.

खरी पंचाईत माणसांची. मोबाइल समोर धरला तर कोणी वळूनही बघत नाही. हे यंत्र घरघरायला लागलं की सगळे फोटोला उभे राहिल्यासारखे ताठ. आत्या तर झोक्यावर बसून हललीच नाही. ‘अगं, झोका घे ना!’ ‘तू आधी चालू तर कर, फुकट पैसे कशाला घालवून राह्यला?’ शेवटी तिने एक जोरदार झोका घेतला आणि मी सात सेकंद दाबून धरले. उतरल्यावर तिने विचारलं, ‘एकशेचाळीस झाले ना?’

आता धुणं. हो, आमच्याकडे जुने लोक रोल धुवायलाच टाकायचे. भुसावळच्या एका म्हाताऱ्या स्टुडिओवाल्या नानांकडे गेलो. त्यांनी वहीतून फॉर्म्युला दिला: मेटॉल-हायड्रोक्विनोनचा, फोटोच्या कागदासाठीचा डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन), त्यात किंचित हायपो (चित्र पक्कं करणारं रसायन). मला निगेटिव्ह नको होती, थेट प्रोजेक्टरवर चालेल अशी पॉझिटिव्ह हवी होती. म्हणजे पहिला डेव्हलपर, मग ब्लीच, मग सल्फाइटची धुलाई, मग फिल्मला चक्क दिव्याचा उजेड दाखवायचा, दुसरा डेव्हलपर आणि शेवटी हायपो. ब्लीचसाठी पोटॅशियम परमँगनेट, तेच जे विहिरीत टाकायचे. सोबत पातळ केलेलं बॅटरीचं ॲसिड. (ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. नानांनी हे तीनदा म्हणवून घेतलं. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकीही.) मी लाल दिव्याचं विचारलं तर ते चिडले. लाल दिवा कागदाला, ही फिल्म लाल रंगही बघते, तिला पूर्ण अंधारच हवा.

तर न्हाणीघरात, रात्री, दाराच्या फटीला चादर लावून, पक्कडीने कार्ट्रिज फोडलं आणि बुटाच्या नाडीएवढी रुंद, पन्नास फूट लांब फिल्म शेवयांसारखी बादलीत सोडली. डेव्हलपर हवा वीस अंशांवर. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रात्री दहालाही चहाला चालेल असं. बर्फाची लादी आणून मोठ्या टोपलीत ठेवली, त्यात डेव्हलपरची बादली. थर्मामीटर बरोबर वीसवर. फार अभिमान वाटला. आणि मग मधली धुलाई केली ती थेट नळाच्या पाण्याने.

फिल्मवरचा थर म्हणजे जिलेटिन. थंडातून एकदम गरमात गेलं की ते फुगतं, त्याला सुरकुत्या पडतात. त्यावर परमँगनेटचं ॲसिड, जे त्याला आणखी मऊ करतं. दिवा लावला तेव्हा बादलीत चित्र वेगळं आणि फिल्म वेगळी तरंगत होती. दुधावरची साय बोटाने सरकवावी तसा थर हाताला आला. फूट-दोन फूट कुठेतरी वाचली, त्यात एक दोरी आणि निंबाचा पाला. आत्याला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे माझे एकशेचाळीस रुपये पाण्यात गेले.’ अक्षरशः गेले होते.

त्या पावसाळ्यात एका लग्नाची बोलणी करायला चाळीसगावला गेलो होतो. वेळ होता म्हणून स्टेशनजवळच्या, छायाचित्रकार केकी मूस यांच्या घरी गेलो, आता ते संग्रहालय आहे. १९८९ साली गेलेला हा माणूस अनेक दशकं घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही आणि टेबलावर वस्तू मांडून त्याने अख्खे देखावे टिपले. लोक त्यांच्या एकांतवासाची कहाणी ऐकत होते. मला एकच प्रश्न पडला होता, चाळीसगावच्या उन्हाळ्यात मूस धुण्याचं पाणी कसं थंड ठेवत असतील?

उत्तर घरातच मिळालं. आईने न्हाणीघरातल्या फरशीवरचे परमँगनेटचे तपकिरी डाग घासता घासता विचारलं, ‘सगळं एकाच रांजणात का नाही ठेवत? एक थंड, एक गरम कशाला?’ बरोबर. विसाचा आकडा एवढा महत्त्वाचा नव्हताच. डेव्हलपर जरा कोमट असला तर वेळ कमी करता येते, पण पहिल्या बादलीपासून शेवटच्या पाण्यापर्यंत सगळं सारखं हवं. बर्फावर खर्च केलेले पैसे मी कोणाला सांगितले नाहीत.

दुसरं कार्ट्रिज डिसेंबरपर्यंत फ्रिजमध्ये अंड्यांच्या शेजारी राहिलं. मळ्यात भरिताचा बेत होता. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ, त्यावर बामणोदची वांगी. जाळ समोर असला की कॅमेरा त्यालाच बघून छिद्र बारीक करतो आणि भोवतालची माणसं काळी होतात. म्हणून आधी आत्याच्या लुगड्यावर उजेड मोजला, तिथेच काटा अडकवला, मग जाळाकडे वळलो. धूर, वांगी ठेचणारे हात, आबांचं कांद्याची पात चावणं. यावेळी कोणी ताठ उभं राहिलं नाही, वांगी जळाली असती.

आदल्या रात्रीपासून सगळ्या बाटल्या रांजणात, धुण्याचं पाणीही रांजणाचंच. पहाटे पाचला धुतली. ब्लीचनंतर फिल्म फिकट, मलईसारखी दिसते, वाटतं सगळं पुसलं गेलं. ट्यूबलाइटखाली उलटसुलट केली, दुसऱ्या डेव्हलपरमध्ये सोडली आणि काळं चढू लागलं. तुरीच्या डाळीएवढ्या फ्रेममध्ये भिंगाने आबांची टोपी दिसली. बादलीत गुंता झाल्याने मध्ये मध्ये डाग आणि ओरखडे आहेत. ते राहू देत.

कोडॅकने २०१६ मध्ये नवा सुपर एट कॅमेरा जाहीर केला होता. तो बऱ्याच वर्षांनी विकायला आला तो साडेपाच हजार डॉलरला. मला काकांचाच पुरे. त्यांच्या प्रोजेक्टरचा रबरी पट्टा विरघळून डांबर झाला होता, तो टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्याने बदलून दिला. भिंतीवर चादर लावली. तीन मिनिटं वीस सेकंद. संपल्यावर आत्या म्हणाली, ‘झालं? परत लाव.’ मी सांगितलं, ही एकच प्रत आहे, दर वेळी चालवली की थोडी घासते. तिने मान डोलावली आणि म्हणाली, ‘लाव.’

चार वेळा लावली. येत्या अखाजीसाठी एक कार्ट्रिज सांगून ठेवलं आहे. आत्याचं म्हणणं आहे की मागचे सात सेकंद बाकी आहेत, ते धरून यंदा चौदा.