आमचो दिसपट्टो गिरास

मनोगत कोंकणीत किंवा इंग्रजीत द्यावं, असं गोव्यातल्या आमच्या शाळेच्या स्मरणिकेच्या पत्रात होतं. मी फोन करून विचारलं, मराठीत लिहिलं तर चालेल का? पलीकडून टीचर हसल्या. "बरय रे. जें सांगतात तें सोडून दुसरें करपाची तुजी संवय पयलींतली." तेव्हा चूक असेल तर ती पहिलीपासूनची आहे, असं समजून घ्यावं.

मला जे सांगायचं आहे तेही भाषेचंच आहे. आमचं सोनाराचं घर. माणसांशी कोंकणीत बोलायचं आणि देवाशी मराठीत. चवथीच्या आरत्या मराठीत, सप्ताहातले अभंग मराठीत, आजीची पोथी मराठीत. घुमटावर थाप पडली की काकासुद्धा शुद्ध मराठीत यायचे, आणि मखरासमोरून उठले की "चाय खंय गो?" देवाला कोंकणी कळत नाही असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, पण माझी तशी समजूत होती. कोंकणी ही बांगड्याचा भाव करायची भाषा.

१९९१ च्या जूनमध्ये मी पहिलीत आलो. सरकारी मराठी शाळा ओहोळापलीकडे होती आणि पावसात ओहोळ भरायचा, म्हणून मी इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, शाळेत. कारण एवढंच. पहिल्याच सकाळी सगळी शाळा व्हरांड्यात उभी राहिली, माद्र, म्हणजे नन बाई, पुढे आल्या आणि सगळ्यांनी एका सुरात देवाशी चक्क कोंकणीत बोलायला सुरुवात केली. "आमच्या बापा सर्गींच्या..." मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी हसत नव्हतं. पुढे आलं, "आमचो दिसपट्टो गिरास आज आमकां दी." गिरास म्हणजे घास. आई भरवताना म्हणायची तो शब्द! रोजचा घास दे, असं देवाला तोंडावर सांगायचं, तेही आईच्या शब्दांत, हे मला फार धीटपणाचं वाटलं. आमच्या घरी देवाकडे असं काही मागत नसत. त्याला सुखकर्ता म्हणून मोकळे व्हायचं.

आम्हा हिंदू मुलांसाठी नियम साधा होता. माद्रनी पहिल्याच आठवड्यात सांगितला: हात जोडून शांत उभं राहायचं, छातीवर क्रूसाची खूण करायची गरज नाही. कुणी ओठ हलवत, कुणी घट्ट मिटून ठेवत. माझे हलायचे, कारण गप्प उभं राहणं मला कधी जमलंच नाही.

ही प्रार्थना मी वहीच्या मागच्या पानावर लिहून काढली, ऐकू आली तशी, देवनागरीत. इथे थोडं विषयांतर करतो, कारण आजच्या मुलांना हे ठाऊक नसेल. १९९० साली गोवा सरकारने मातृभाषेतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान द्यायचं ठरवलं आणि चर्चच्या बहुतेक शाळा इंग्रजीवरून कोंकणीवर आल्या. म्हणजे आमची पुस्तकं देवनागरी कोंकणीत आणि इगर्जीतली प्रार्थनेची पुस्तकं रोमीत, म्हणजे रोमन लिपीत. माझ्या बाकावरच्या मित्राची आई माझी वही उलटीसुलटी करून बघायची. तिला देवनागरी येत नव्हती. माझ्या आजीला रोमी येत नव्हती. एकच प्रार्थना, आणि दोघींनी ती एकमेकींच्या कागदावरून वाचायची म्हटली तर दोघीही अडाणी.

तिसरीत असताना मला एका शब्दाने छळलं. "आमचीं पातकां भोगस." माझ्या मराठी कानाला त्यात 'भोग' ऐकू आला. आमची पातकं तू भोग! मी घरी येऊन आजीला सांगितलं. आजीने तुळशीतलं पाणी घालायचं थांबवलं. "आपलीं पातकां देवान कित्याक भोगचीं? आपलीं आपणें भोगचीं," ती म्हणाली, आणि त्या देवाबद्दल तिला जरा वाईटच वाटलं असावं, कारण संध्याकाळी तिने पुन्हा विचारलं, "खरेंच तशें म्हणटात?"

शुक्रवारी पाद्री शाळेत यायचे. मी सरळ त्यांना गाठलं. त्यांनी समजावलं की भोगसणें म्हणजे क्षमा करणं, आम्ही दुसऱ्याला क्षमा करतो तशी तू आम्हाला कर. मग ते थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पूण तुजे आजयेक सांग, ताणें भोगलींय." मी निरोप जसाच्या तसा पोचवला. आजी काही बोलली नाही. त्या वर्षी म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, फेस्ताला ती तेलाची बाटली घेऊन गेली. पण ती दर वर्षीच जायची. ही सायबीण लईराई देवीची बहीण, म्हणून.

ऑक्टोबर हा रोझरीचा महिना. रोज एका वर्गाने सायबिणीला फुलं आणायची. आमच्या अंगणात अबोली भरपूर. आई पहाटे एकच लांब वळेसर गुंफायची आणि सुरीने मधोमध कापायची. एक तुकडा देवघरात, एक केळीच्या पानात बांधून माझ्या हातात. दोन्हीपैकी मोठा कुठला, यावर माझं बारीक लक्ष असायचं. मोठा नेहमी शाळेत जायचा. लोक बघतात ना!

नाताळाआधी येशूजन्माच्या गोठ्यासाठी करवंटीत नाचणी पेरायची. नवरात्रात घरी घटाला धान्य रुजवायचा माझा अनुभव होता, त्यामुळे हे खातं माझ्याकडे आलं. पाणी किती शिंपडायचं, सावलीत किती दिवस, सगळं मी बघायचो. पंचवीस तारखेपर्यंत गोठ्यातल्या मेंढ्यांना बोटभर हिरवंगार गवत. बाळ येशूची मूर्ती ठेवायचा मान मात्र चौथीतल्या मुलींचा, आणि त्याबद्दल मी आजही थोडा नाराज आहे.

दोत्रीनीच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, तासाला कॅथलिक मुलं एका वर्गात, आम्ही दुसऱ्या वर्गात मोरल सायन्सला. त्यातल्या प्रामाणिक लाकूडतोड्यांबद्दल न लिहिलेलंच बरं. गंमत सगळी भिंतीपलीकडे चालली होती. पयल्या कुमगाराची, म्हणजे पहिल्या कम्युनियनची, तयारी, आणि त्याआधी कुमसार, म्हणजे पाद्रींपुढे पातकं कबूल करणं. माझ्या मित्राने रात्रभर विचार करून दोनच पातकं जमवली होती: आईला उलट बोललो, आणि रविवारी चर्चमधल्या मिसाक झोपलो. मधल्या सुट्टीत तो माझ्याकडे आला. "दोन सांगल्यार पाद्रीक फट दिसतली. एक दी मरे." मी त्याला शेजारच्या बागेतल्या मानकुराद आंब्याचं दिलं. ते माझं होतं. पाद्रींनी त्याला त्याबद्दल 'नमान मारिये' ही प्रार्थना तीनदा सांगितली आणि ती त्याने इमानाने म्हटली. माझं पातक गेलं की राहिलं, हा प्रश्न मी पाद्रींना विचारायला हवा होता. धीर झाला नाही.

१९९४ च्या डिसेंबरात सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, शवप्रदर्शन आलं. ते दहा वर्षांतून एकदा. शाळेची बस जुन्या गोव्याला निघाली, वडील सोबतीला आले. सायब १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले, एवढं आम्हाला पाठ होतं. से कॅथेड्रलमधली रांग उन्हात वाढत गेली, टीचरनी पाण्याच्या बाटल्या फिरवल्या, आणि काचेसमोर आम्हाला मिळाले जेमतेम दोन क्षण. मला फक्त पाऊल आठवतं.

परत निघताना वडील सापडेनात. शेवटी समोर बॉ जेझुच्या बासिलिकेत सापडले. सायबाची रिकामी चांदीची पेटी वर होती, तिच्याकडे मान वाकडी करून बघत उभे होते. ही पेटी गोव्यातल्याच चांदीकारांनी १६३७ साली पुरी केली, हे त्यांना माहीत होतं. मला जवळ ओढून ते कोंकणीत म्हणाले, "पळय. हें आमच्या हाताचें." मग टीचर ओरडल्या आणि आम्ही बसकडे धावलो.

पुढे हायस्कूलात कुणीतरी सांगितलं की सासष्टीत राहिलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनी ख्रिस्ताची सगळी कथा मराठी ओव्यांत लिहिली आणि ती १६१६ साली छापली गेली. मी आजीला सांगितलं. ती म्हणाली, "बरें केलें. पूण मागीर तुमी कोंकणींत कशे म्हणटात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२०११ नंतर इंग्रजीलाही अनुदान मिळू लागलं. माझी मुलगी याच व्हरांड्यात उभी राहून तीच प्रार्थना इंग्रजीत म्हणाली. तिच्यात गिरास नाही, ब्रेड आहे. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी सायकलचा भोंगा वाजवतो तेव्हा तिला तो बरोबर कळतो, त्यामुळे माझी फारशी तक्रार नाही.

गेल्या महिन्यात तो बाकावरचा मित्र दुकानात आला. धाकटीचा पयलो कुमगार आहे, साखळीत घालायला सोन्याचा लहानसा खुरीस, म्हणजे क्रूस, हवा. मी काटा पुढे ओढला, दोन ग्रॅममध्ये बसवू म्हटलं. मग विचारलं, "पातकां पुरो जालीं मगो तिचीं?"

"एक उणें पडटा," तो म्हणाला. "तुज्या चेडवाक विचारून पळय."