पोळी सोडून बघू का?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते आहे, पण हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. मला सिलिअ‍ॅक हा आजार आहे आणि मी गहू खात नाही, हे समजले की ओळखीतले कोणी ना कोणी बाजूला घेऊन म्हणते, "पोळी खाल्ली की माझंही पोट फुगतं, दुपारभर जड वाटतं. महिनाभर पोळी सोडून बघू का?" माझे उत्तर दर वेळी एकच असते: इतक्यात सोडू नका. आधी रक्त तपासून घ्या आणि तोवर रोजची पोळी चालू ठेवा. ऐकणाऱ्याला हे उलटेच वाटते, म्हणून त्यामागचे कारण जरा सविस्तर सांगते.

सिलिअ‍ॅक ही अ‍ॅलर्जी नव्हे आणि मंदावलेल्या पचनाशीही त्याचा संबंध नाही. गहू, जव आणि राय (युरोपात पिकणारे गव्हासारखे धान्य) यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. ज्यांच्या जनुकांची तशी ठेवण असते अशा काही जणांची रोगप्रतिकारशक्ती हे प्रथिन पोटात गेले की स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावर टर्किश टॉवेलवर असतात तसे असंख्य सूक्ष्म धागे उभे असतात आणि अन्नातले लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे त्यांच्यावाटे रक्तात उतरतात. सिलिअ‍ॅकमध्ये ते झिजून सपाट होतात. हे चालू असताना रक्तात विशिष्ट प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार होतात आणि टीटीजी-आयजीए ही तपासणी तीच शोधते. ती वाढलेली आढळली, तर पोटविकारतज्ज्ञ तोंडावाटे दुर्बीण घालून आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले बारीक तुकडे काढतात आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात. मात्र पोटात ग्लूटेन जायचे थांबले की प्रतिपिंडे हळूहळू उतरतात, अस्तर भरून येऊ लागते आणि काही महिन्यांनी दोन्ही तपासण्या निर्दोष येऊ शकतात. आजार आहे तिथेच असतो, पुरावा तेवढा पुसला जातो.

असे झाल्यावर निदान पक्के करायला डॉक्टरांपुढे एकच मार्ग उरतो: पुन्हा रोज दोनेक पोळ्यांइतका गहू काही आठवडे खायला लावायचा आणि मग तपासायचे. माझ्या परिचयातल्या एका बाईंनी आपल्या मनाने गहू सोडला होता आणि त्यांना खरोखर फार बरे वाटू लागले होते. पुढे डॉक्टरांनी तो पुन्हा सुरू करायला सांगितले, तेव्हा त्यांना इतका त्रास झाला की त्यांनी तो नाद सोडून दिला. त्यामुळे आपल्याला नेमके काय आहे हे त्यांना आजही माहीत नाही.

सोडून बघण्याची रीत मुळात चुकीची आहे, असे मी म्हणत नाही. ग्लूटेनचा दोष जगाला कळला तो त्याच वाटेने. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हा सिलिअ‍ॅकने आजारी असलेली मुले सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा खंगली. पण त्या काळी रक्ताची तपासणी नव्हती. आज ती इथे नाशिकमध्ये कोणत्याही बऱ्या लॅबमध्ये होते. तिच्यासोबत एकूण आयजीए, म्हणजे त्या प्रकारची सगळी प्रतिपिंडे, किती आहे तेही बघायला सांगा, कारण काही जणांच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असते आणि मग टीटीजी-आयजीए फसवे निर्दोष येते.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: सोडून बरे वाटते आहे ना, मग आजाराचे नाव कळून काय मिळणार? माझ्या मते सगळे काही. नुसते पोट फुगत असेल, तर एखाद्या लग्नात दोन पुऱ्या खाऊन एक दिवस त्रास काढता येतो. सिलिअ‍ॅक असेल तर तशी सवलत नाही, कारण त्रास जाणवला नाही तरी आतडे झिजतच राहते, आणि त्यातून पंडुरोग (अ‍ॅनिमिया), ठिसूळ हाडे, मुलांची खुंटलेली उंची, वारंवार होणारे गर्भपात आणि क्वचित आतड्याचा कर्करोगही उद्भवू शकतो. माझे पोट कधी फारसे दुखले नव्हते. माझे हिमोग्लोबिन चढत नव्हते, लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असूनही चढत नव्हते. बाईमाणसाचे रक्त कमीच असते, असे म्हणून घरीदारी सगळे गप्प बसतात. गोळ्या पोटात जात आहेत, मग लोह रक्तात का जात नाही, असा साधा प्रश्न एका डॉक्टरांना पडला आणि तिथून माझा आजार सापडला. म्हणून पोटाची काहीच तक्रार नसलेल्या, पण गोळ्यांना दाद न देणाऱ्या पंडुरोगाच्या बायकांना मी हे अधिक आवर्जून सांगते.

आता पथ्याविषयी. पोळी सोडणे हा त्यातला सोपा भाग आहे. "ग्लूटेनमुक्त" असे छापायचे असेल, तर एका किलो अन्नात जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम ग्लूटेन चालते, यावरून किती थोड्याने बिघडते याची कल्पना यावी. गिरणीत गव्हाचे दळण संपते तेव्हा दगडांच्या मध्ये आणि डब्यावर सोडलेल्या कापडी नळीत पीठ उरलेले असते, आणि पुढच्या माणसाची ज्वारी त्यातूनच खाली येते. आपल्याला ते दिसत नाही, चवीलाही कळत नाही. म्हणून माझ्या घरी घरघंटी आहे आणि तिच्यात गहू कधीच पडत नाही. दुसरी गोष्ट हिंगाची. आपण ज्याला हिंग म्हणतो तो बहुधा बांधलेला हिंग असतो. डबी फिरवून मागची बारीक अक्षरे वाचा, खाद्य डिंकाच्या शेजारी गव्हाचे पीठ किंवा मैदा लिहिलेला सापडेल. म्हणजे भात-आमटीसारख्या निर्धोक ताटातही फोडणीवाटे गहू येतो. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, तो शोधून आणावा लागतो. मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि सातूचे पीठ यांत गहू किंवा जव असतोच असे धरून चालावे. कुरडईला लोक पापडाच्या पंगतीत बसवतात, पण ती गव्हाच्या चिकाची.

खपली गहू चालतो, असे मला इतक्या आपुलकीने सांगितले जाते की नाही म्हणताना वाईट वाटते. तो चालत नाही. निफाडच्या संशोधन केंद्राने गव्हाचे त्र्यंबक, तपोवन, गोदावरी असे आपल्याच परिसराची नावे असलेले वाण शेतकऱ्यांना दिले, त्याचा मलाही अभिमान आहे. पण गव्हाचा वाण जुना असो की नवा, देशी असो की संकरित, ग्लूटेन सगळ्यांत असते.

खायला काय उरते, ही काळजी मात्र नाशिकमध्ये करू नये. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या डोंगराळ तालुक्यांतून येणारी नागली आणि वरई, बाजरी, ज्वारी, तांदूळ आणि सगळ्या डाळी मुळातच ग्लूटेनमुक्त आहेत. नागलीची भाकरी आणि नागलीचे पापड खाऊन इथल्या कितीतरी पिढ्या वाढल्या आहेत, आणि त्याच्याऐवजी शहरातली माणसे महागडी आयात बिस्किटे शोधत फिरतात याचे मला मनापासून वाईट वाटते. आषाढी एकादशीला तर भगर, साबुदाणा, राजगिरा आणि शिंगाड्यावर सगळे घर माझेच पथ्य पाळते. अवघड जाते ते दुसऱ्याच्या घरी. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा असतो आणि प्रसादाला नाही म्हणणे आपल्याकडे जड जाते. मी वाटी हातात घेते, कपाळाला लावते आणि शेजारच्या माणसाला देते. यजमानांना कारण आधीच सांगून ठेवलेले असते.

तपासण्या निर्दोष आल्या, पण त्रास आहेच, असे तुमचे झाले तर? तो त्रास मनाचा नव्हे. गव्हात फ्रुक्टन नावाची शर्करा असते. ती लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात आंबते आणि वायू धरतो. हीच फ्रुक्टन कांद्यात आणि लसणातही असते, त्यामुळे लासलगावच्या जिल्ह्यात राहणाऱ्या एखाद्याने पोळीला दोष द्यावा आणि खरा त्रास कांद्याच्या भाजीचा असावा, असे सहज घडते. काहींना दूध सोसत नाही. सिलिअ‍ॅक असलेल्यांनाही सुरुवातीला ते बाधते, कारण दुधातली शर्करा पचवणारे विकर (एन्झाइम) त्या झिजलेल्या धाग्यांच्या टोकाशीच तयार होते. अस्तर भरले की दूध बहुधा पुन्हा सोसते. हे शोधायला वहीच लागते. काय खाल्ले, किती वाजता, त्रास कधी सुरू झाला, हे रोज लिहा. मग तीन-चार आठवडे एकच पदार्थ बंद करा आणि नंतर तो मुद्दाम पुन्हा खाऊन बघा. हा शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात, आणि त्यामुळे विनाकारण पदार्थ सुटत जातात. गहू, दूध, कांदा एकाच वेळी सोडलात, तर बरे कशाने वाटले हे कधीच कळणार नाही. रक्ताच्या एका नमुन्यावरून शंभर-दोनशे पदार्थांची यादी देणाऱ्या आयजीजी (दुसऱ्या एका प्रकारची प्रतिपिंडे मोजणाऱ्या) तपासण्यांवर पैसे घालवू नका. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी त्या करू नयेत असे स्पष्ट सांगितले आहे; त्या प्रतिपिंडांवरून तो पदार्थ तुमच्या खाण्यात आहे एवढेच ठरते. आणि गहू खाल्ल्यावर लगेच अंगावर गांधी उठत असतील किंवा धाप लागत असेल, तर ती गव्हाची अ‍ॅलर्जी असू शकते; तेव्हा घरी प्रयोग करू नका, डॉक्टर गाठा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते. सिलिअ‍ॅक निश्चित झाला, तर आईवडील, सख्खी भावंडे आणि मुले यांचीही तपासणी करून घ्या, त्यांना काही त्रास नसला तरी. त्यांच्यात तो इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. एकदा निर्दोष आली म्हणून ती कायमची निर्दोष ठरत नाही, कारण हा आजार पन्नाशीतही सुरू होऊ शकतो. डीक्यू2 आणि डीक्यू8 या जनुकांची तपासणी करता आली तर उत्तम: ती दोन्ही नसतील, तर त्या माणसाला सिलिअ‍ॅक होण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही आणि त्याला पुन्हा पुन्हा रक्त द्यावे लागत नाही. ती असतील, तर घाबरू नका, कारण ही जनुके असणाऱ्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. फक्त दर दोन-तीन वर्षांनी, आणि मधेच रक्त किंवा वजन उतरू लागले तर लगेच, टीटीजी-आयजीए पुन्हा करा.