पूर्व जर्मनीची मोड

बर्लिनला जाऊन आले म्हटल्यावर पहिला प्रश्न ठरलेला, भिंत पाहिली का? पाहिली. तिच्यापुढे फोटो काढणाऱ्यांची गर्दी जास्त पाहिली. पॉट्सडॅमचे राजवाडे झाले, ड्रेस्डेन झालं, नदीतली बोट झाली. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते ओस्टबानहोफ स्टेशनाजवळ रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजाराबद्दल, कारण तिथे एका म्हाताऱ्याशी माझं चिल्लरीवरून वाजलं.

माझी सगळी नोकरी बँकेच्या कॅश काउंटरवर गेली. नाणी जमवण्याचा नाद तिथलाच. पण मला पेटीतली चकचकीत नाणी नको असतात. पूर्व जर्मनीने १९६६ पासून थोरामोठ्यांच्या नावाने स्मारक नाणी काढली. १९६८ चं मार्क्सचं चांदीचं वीस मार्कचं नाणं दुकानदार आधी पुढे करतात. ज्या नाण्याने कधी पाव विकत घेतला नाही, ते माझ्या वहीत काय करणार? भिंतीवरच्या जुन्या तपासणी नाक्याच्या, चेकपॉइंट चार्लीच्या आसपास तर साधी सहा-सात नाणी प्लास्टिकमध्ये सीलबंद करून, वर झेंड्याचं चित्र चिकटवून विकतात. किंमत ऐकून मी पाकीट परत पर्समध्ये ठेवलं.

म्हणून भाची सई मला ओस्टबानहोफला घेऊन गेली. ती तिकडेच शिकायला होती, आता नोकरीला आहे. बोचरा वारा, शौचालयाला पैसे मोजायचे, बसायला बाक नाही. पण टेबलांवर पोस्टकार्डं, बिल्ले, टोप्या, आणि एका टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा काठोकाठ भरलेला. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं : एक मूठ, दोन युरो. नियम असा की न बघता हात घालायचा आणि मुठीत येईल ते घ्यायचं.

मी म्हटलं, "न मोजता मी पैसे घेत नाही."

"मावशी, प्लीज. दोन युरोचा प्रश्न आहे," सई कानाशी लागली.

प्रश्न दोन युरोचा नव्हताच. म्हातारा सत्तरीचा, हातमोज्यांची बोटं कापलेली. त्याने तोंड वाकडं करून काहीतरी म्हटलं. सईने भाषांतर केलं, "ते म्हणतायत, मोजायचं असेल तर बँकेत जा."

"सांग त्यांना, बँकेतूनच आलेय. बत्तीस वर्षं."

हे मात्र त्याला पटलं. त्याने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, माझी मूठ त्यावर ओतली आणि हाताची घडी घालून बघत राहिला. मी एक फेनिगची, पाचाची, दहाची, पन्नासची, मार्काची (शंभर फेनिगांचा एक मार्क) अशा चळती लावायला घेतल्या. लागेनात! सगळं ॲल्युमिनियम. एक फेनिगचं नाणं जेमतेम पाऊण ग्रॅमचं, वाऱ्याची झुळूक आली की चळत घसरायची. आपल्याकडच्या जुन्या चौकोनी पाच पैशांची ज्यांनी चळत लावलीय, त्यांना बोटांचे हे हाल सांगायला नकोत. पश्चिमेकडचे लोक या पैशांना हिणवून 'अलू-चिप्स' म्हणत, हे सईने हळूच मराठीत सांगितलं. म्हाताऱ्याला 'अलू' तेवढं कळलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

मुठीत एकच नाणं खणकन वाजलं. वीस फेनिग, पितळेचं. हे १९६९ पासून आलं, कारण फोनच्या आणि इतर यंत्रांना ॲल्युमिनियमची नाणी फार हलकी पडायची. म्हाताऱ्याने ते उचललं आणि तो जो बोलायला लागला, तो थांबेचना. गावातल्या गावात फोन वीस फेनिग. पूर्व बर्लिनमध्ये ट्रामचं तिकीटही वीस फेनिग. कंडक्टर नाही. एक पेटी असायची, वरून काच. नाणं टाकायचं, दांडा ओढायचा, आपल्या हाताने तिकीट फाडून घ्यायचं. किती टाकलं हे पेटी मोजत नसे, शेजारचे प्रवासी काचेतून बघत तेवढंच. काही लोक कमी टाकायचे. काही बटणंसुद्धा. "आणि तुम्ही?" मी विचारलं. तो हसला, उत्तर दिलं नाही. न मोजणारी पेटी! माझ्या हेड कॅशियरला चक्कर आली असती.

पुढचं त्याने जरा चिडून सांगितलं. १ जुलै १९९० ला पश्चिमेचा मार्क आला. पगार एकास एक, म्हणजे पूर्वेच्या एका मार्काला पश्चिमेचा एक. बचतीला मात्र वयाप्रमाणे मर्यादा : चौदाच्या आतल्यांना दोन हजारांपर्यंत एकास एक, मोठ्यांना चार हजार, साठीच्या पुढे सहा हजार. त्यावरचे दोनाचा एक. मग घराघरांत आजीच्या आणि पोरांच्या खात्यांवर पैसे फिरवणं सुरू झालं. त्याच्या आईचं खातं त्या जूनमध्ये आयुष्यात पहिल्यांदा भरलं म्हणे. ३ ऑक्टोबरला दोन्ही जर्मनी एक झाले आणि पूर्व जर्मनी हा देशही गेला. पूर्वेच्या नोटा हाल्बरश्टाटजवळच्या बोगद्यात नेऊन गाडल्या, तिथे पुढे चोर शिरले. कधी चलनातच न आलेल्या दोनशे आणि पाचशेच्या नोटा शौकिनांच्या बाजारात दिसायला लागल्या तेव्हा बिंग फुटलं. मग २००२ मध्ये ते सगळं जाळून टाकलं.

पण या सगळ्यात मोड कुठून आणायची, याचा पुरेसा विचार कुणी केला नव्हता. अख्ख्या पूर्वेला पुरतील एवढे सुट्टे पैसे पश्चिमेकडे तयार नव्हते. म्हणून पूर्वेची पन्नास फेनिगपर्यंतची नाणी तशीच चालू ठेवली, ३० जून १९९१ पर्यंत. म्हणजे ज्या देशाचा हातोडा आणि कंपास नाण्यावर आहे तो देश गेल्यावरही जवळजवळ नऊ महिने त्याचा पैसा बेकरीत बिनतक्रार घेतला जात होता. मोठमोठ्या पुढाऱ्यांचं चिल्लरीपुढे चाललं नाही, हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी टाळीच दिली. म्हाताऱ्यानेही घेतली.

त्याला म्हटलं, आमच्याकडे चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली. तारीख बघा. त्याने हिशोब करून "बरोब्बर वीस वर्षं" म्हटलं. शेवटच्या दिवसांत लोक काउंटरवर पिशव्या घेऊन आलेले, काहींनी देवघरातल्या गल्ल्यासकट आणलेले. मी मोजून मोजून बोटं काळी करून घेतली होती. तो म्हणाला, त्याची बायको दुकानात गल्ल्यावर होती, तिचीही बोटं अशीच असायची.

चळतीत एक मार्कचं १९५६ चं नाणं निघालं. त्यावर चक्क 'डॉइचे मार्क' लिहिलेलं, पश्चिमेच्या चलनाचंच नाव. १९६४ मध्ये पूर्वेने नाव बदललं, १९६८ मध्ये पुन्हा बदललं. मी ते बाजूला काढताच म्हाताऱ्याचे डोळे चमकले. हे मुठीत धरायचं नाही, याचे वेगळे तीन युरो! नियम त्यानेच केलेला, पुठ्ठ्यावर लिहिलेला. मी पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. त्याने मोजणाऱ्याला मुठीचा नियम लागू नाही, असं सांगितलं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन युरो दिले. रोख. जर्मन लोक अजून रोख घेतात आणि सुटे परत देतात, या एका गोष्टीसाठी मी त्यांचं बाकी बरंच काही माफ करायला तयार आहे.

दुसऱ्या दिवशी मोल्कनमार्क्टला जुन्या टांकसाळीची इमारत बाहेरून पाहिली. ही नाणी तिथे पडायची. आता तिथे कार्यक्रम होतात. टांकसाळ शहराच्या उत्तरेला हलली, पण नाणं कुठल्या टांकसाळीचं ते सांगणारं बर्लिनचं 'ए' हे अक्षर आजच्या युरोच्या नाण्यांवरही असतं. बोडे म्युझियममध्ये नाण्यांचं मोठं दालन आहे. २०१७ मध्ये तिथून शंभर किलोचं सोन्याचं नाणं चोरीला गेलं, ते अजून सापडलेलं नाही.

घरी येऊन सगळी नाणी वर्षवार लावली. जवळजवळ सगळ्यांवर 'ए'च आहे. मुल्डनह्युटनच्या टांकसाळीचं 'ई' अक्षराचं फेनिग, जे १९५३ पर्यंतच निघालं, ते मात्र मिळालं नाही. सईला सांगून ठेवलंय. ती म्हणते, त्या आजोबांनी मागच्या रविवारी तिला ओळखलं आणि पुठ्ठ्यावरची किंमत अडीच युरो केलीय.