हेमिसमध्ये हिमबिबट्या शोधताना : माझा अनुभव

लडाखचं हेमिस राष्ट्रीय उद्यान म्हणजे सुमारे 4,400 चौरस किलोमीटरचा उघडा-बोडका डोंगराळ मुलूख. ताडोबासारखी जिप्सी इथे नाही. पायी फिरायचं आणि एका जागी तासन्‌तास बसायचं. 2019 ते 2023 दरम्यान झालेल्या देशव्यापी गणनेत भारतात 718 हिमबिबटे असल्याचा अंदाज आला, त्यांतले 477 लडाखमध्ये. तरीही दर्शनाची हमी कोणी देत असेल तर त्याच्याकडे बुकिंग करू नये.

जायचं जानेवारी ते मार्चमध्ये. हा त्यांचा जोडीचा हंगाम, त्यामुळे ते जास्त फिरतात, ओरडतात, खडकांवर गंधखुणा करतात. शिवाय बर्फामुळे भरल (डोंगरातल्या जंगली मेंढ्या, हिमबिबट्याचं मुख्य भक्ष्य) खाली उतरतात आणि त्यांच्यामागे हिमबिबट्या.

पहिली अडचण उंचीची. विमान थेट 3,500 मीटरवरच्या लेहला उतरवतं. दर रविवारी सह्याद्रीत गड चढणाऱ्यांनाही इथे सवलत नाही; दम वेगळा आणि विरळ हवेची सवय वेगळी. लेहमध्ये किमान दोन, शक्यतो तीन रात्री काढा. पहिला दिवस खोलीतच. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधीच सांगावं. डोकेदुखी, मळमळ असेल तर वर जायचं नाही. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न बघता खाली. हिवाळ्यात विमानं हवामानामुळे रद्द होतात, म्हणून परतीला एक दिवस राखून ठेवावा. बाहेरची प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड लागतं.

लेहहून स्पितुकमार्गे झिंगचेन, आणि पुढे दरीतून रुंबक. रुंबकमध्ये होमस्टे पाळीपाळीने मिळतात, घर आपण निवडायचं नसतं. उत्पन्न गावभर वाटलं जावं म्हणून ही पद्धत आहे, तेव्हा हट्ट करू नये. बुखारी (खोली तापवणारी शेगडी) बैठकीच्या खोलीत असते, निजायच्या खोलीत नाही. रात्री पारा उणे 20 च्या आसपास जातो. गरम पाण्याची बाटली स्लीपिंग बॅगमध्ये घेतली की झोप लागते आणि सकाळी प्यायला न गोठलेलं पाणीही मिळतं. दिवसा बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे तोंड मोकळं राहतं. नळीवाली पाणपिशवी घरीच ठेवा, नळी आधी गोठते.

बूट एक नंबर मोठे हवेत. दोन जाड मोजे घालून बूट घट्ट झाला की रक्त खेळत नाही आणि बोटं आधी बधिर होतात. रासायनिक हॅंडवॉर्मरला हवा लागते, म्हणून बंद बुटात ते जेमतेम कोमट होतात.

आता मुख्य काम. पैसे कॅमेऱ्याच्या लेन्सवर नव्हे, जास्तीच्या दिवसांवर आणि चांगल्या स्थानिक वाटाड्यावर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. प्राणी बहुधा अर्धा ते दोन किलोमीटर अंतरावर असतो. 600 मिमीच्या मोठ्या लेन्समधूनही राखाडी ठिपकाच येतो. खरं दर्शन स्पॉटिंग स्कोपमधून, म्हणजे तिकाटण्यावरच्या एकनळी शक्तिशाली दुर्बिणीतून. आधी साध्या दुर्बिणीने डोंगरधारेची रेघ डावीकडून उजवीकडे बघायची, कारण आकाशाच्या पार्श्वभूमीवर कान किंवा शेपटी उठून दिसते. मग धारेखालचे कडे, शेवटी कड्यांच्या पायथ्याच्या सावल्या. एकदा बघितलेला उतार पुन्हा बघायचा. मघाशी जो दगड होता तो आता उठून बसलेला असतो. स्कोप 20 पटीवर ठेवून जागा पकडा, मगच 60 वर न्या. दुपारी ऊन तापलं की हवा थरथरते आणि चित्र विरघळतं. आयपीसवर (डोळा लावायच्या भिंगावर) श्वास सोडलात तर काचेवर लगेच बर्फ धरतो.

नुसतं बिबट्यालाच शोधत बसू नका. भरलांचा कळप चरायचं थांबून एकाच दिशेला बघत असेल आणि शिट्टीसारखा इशारा येत असेल, तर तिथे स्कोप वळवा. मॅगपाय पक्षी एका जागी गोळा झाले किंवा गिधाडं घिरट्या घालू लागली, तर शिकार पडलेली असू शकते. शिकारीवर तो दोन-चार दिवस टिकतो. सर्वांत खात्रीची संधी हीच, आणि बहुतेक लोक ती जवळ जाण्याच्या नादात घालवतात. त्याला उठवलं की तो शिकार सोडून जातो आणि मग नवी शिकार करावी लागते, कधी गावातल्या शेळीची. वाटाड्या थांबवेल तिथेच थांबावं.

बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात ठेवा, थंडीत त्या झपाट्याने उतरतात. संध्याकाळी उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच बॅगेत बंद करा आणि तासभर चेन उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. फोटो बघायची घाई असेल तर कार्ड आधीच काढून घ्या.