करंगळी सोडून सगळी बोटं

हात बधिर होतो अशी तक्रार कुणी केली, की मी आधी विचारते, ‘करंगळी पण होते का?’ माप द्यायला आलेल्या बायकांना हा प्रश्न चमत्कारिक वाटतो. मी तासगावात ब्लाउज शिवते, डॉक्टर नाही. पण कार्पल टनेल सिंड्रोम, म्हणजे मनगटात नस दबण्याचं दुखणं, माझ्या दोन्ही मनगटांत मुक्कामाला होतं, आणि ते ओळखायचं तर बोटांपासून सुरुवात करावी लागते.

अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग, एवढ्यातच मुंग्या येत असतील आणि करंगळी ठणठणीत असेल, तर संशय मनगटावर घ्यायचा. करंगळीची नस वेगळी. ती कोपरामागून येते आणि तिची भानगडही वेगळी असते. माझ्या बाबतीत करंगळी शेवटपर्यंत शाबूत होती, पण विचारतंय कोण! सासूबाईंना लकव्याची धास्ती. शेजारच्या वहिनींच्या मते गॅस. एका दवाखान्यात हाताला हात न लावता बी-१२ च्या लाल इंजेक्शनांचा कोर्स सुरू केला. दुसऱ्या ठिकाणी मानेचा पट्टा मिळाला, तो घालून मशीनवर बसलं की सुईच दिसेना. बी-१२ कमी पडलं तर मुंग्या येतात हे खरं, पण त्या सहसा पायांपासून चढतात. आणि मानेत नस दबली तर बहुतेक वेळा मानेतून, खांद्यातून कळ खाली उतरते. माझी मान अगदी छान होती.

(लकव्याची शंका मात्र हसण्यावारी नेऊ नका. अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली तर कुणाचा सल्ला न घेता तडक मोठं हॉस्पिटल गाठायचं.)

माझा खरा त्रास रात्रीचा. झोपेत आपण मनगट मुडपून घेतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. मध्यरात्रीनंतर बोटं टम्म सुजल्यासारखी वाटून जाग यायची. दिवा लावून बघावं तर सूज काहीच नाही. उठून हात झटकला की थोड्या वेळात उतरायचं. हे झटकणं मोठी खूण आहे, डॉक्टरसुद्धा मुद्दाम विचारतात. पुढे दिवसाही स्कूटीचं हँडल धरलं किंवा फोन कानाला लावला की मुंग्या सुरू. मग हुकांवर आलं. हुक लावताना सुई अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत असते, ती डोळ्यांनी बघितल्याशिवाय हातात आहे की पडली हे समजेना. शेवटी जेव्हा अस्तर कापताना कात्री मध्येच निसटायला लागली, तेव्हा आमचे हे म्हणाले, ‘आता मिरजेला दाखवू.’ आमच्या भागात दुखणं चिवट झालं की मिरज, हे ठरलेलं.

तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, ‘कोणती बोटं, ताई?’ मला अर्धं बरं तिथेच वाटलं. डोळे मिटायला लावून त्यांनी कापसाचा बोळा एकेका बोटावरून फिरवला. अनामिकेवर गंमत झाली. तिची मधल्या बोटाकडची बाजू बोथट आणि करंगळीकडची बाजू लख्ख. एकाच बोटाच्या मधोमध जणू खडूने रेघ मारलेली. मग दोन्ही हातांचे पंजे खाली लोंबवून, मागच्या बाजू एकमेकींना टेकवून मिनिटभर धरायला सांगितले. जॉर्ज फॅलन या अमेरिकन सर्जनच्या नावाची ही चाचणी. माझं मिनिट पुरं व्हायच्या आतच मुंग्या आल्या. मनगटावर बोटाने टकटक केलं तर मधल्या बोटापर्यंत चमक गेली. घरी करून बघायला हरकत नाही, पण त्यावरून निकाल लावू नका. मुंग्या आल्या नाहीत म्हणजे दुखणं नाही, असंही नसतं.

नंतर नसेची तपासणी झाली, एनसीव्ही म्हणतात ती. हातावर पट्ट्या चिकटवून बारीक शॉक देतात आणि नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. शॉक चावतात, पण सहन होण्यासारखे. माझा संदेश कोपरापासून झकास यायचा आणि मनगटात येऊन रेंगाळायचा.

आतलं प्रकरण मला समजलं ते परकराच्या नेफ्यामुळे. तळहाताच्या मुळाशी आठ लहान हाडांची पन्हळ असते आणि तिच्यावर चिवट पट्टा ताणलेला. त्या नेफ्यातून बोटं मिटणाऱ्या नऊ दोऱ्या जातात, आणि त्यांच्यातच चेंगरून ही एक नस. दोऱ्यांवरचं आवरण सुजलं की नेफा काही सैल होत नाही, चेंगरते ती नस. सूज का येते याची कारणं बरीच. बायकांमध्ये हे जास्त. मधुमेह, संधिवात, वाढलेलं वजन, मनगटाचं जुनं फ्रॅक्चर, जोर लावून तेच तेच काम. गरोदरपणातही होतं आणि बाळंतपणानंतर बहुधा आपोआप ओसरतं. रक्त तपासलं तर मला थायरॉइड निघाला. म्हणजे सगळं खापर कात्रीवर फोडता येईना.

उपचार म्हणाल, तर पहिला उपचार इतका साधा की लोक तो गांभीर्याने घेतच नाहीत. रात्री झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा. मेडिकलमध्ये मिळणारा नुसता इलॅस्टिकचा नव्हे, आत धातूची पट्टी असलेला, आणि आवळून बांधायचा नाही. चार दिवसांत गुण येत नाही, दीड-दोन महिने चिकाटी लागते. माझा डावा हात एवढ्यावर आणि थायरॉइडच्या गोळीवर सुधारला. नणंदेला मनगटात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. तिला मुंग्यांचा चांगला आराम पडला, पण साखर काही दिवस चढली. मधुमेह असेल तर हे आधी बोलून घ्या. इंजेक्शनचा गुण कायम टिकेलच असं नसतं.

उजव्याचं गणित निराळं होतं. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसलेला, डाव्याशेजारी ठेवला की फरक दिसायचा. नस फार दिवस दबून राहिली की तिथला स्नायू सुकतो आणि पूर्ण भरून येईलच याची खात्री नसते. म्हणून तर मला त्या ‘शिरा मोकळ्या करणाऱ्यां’चा राग येतो. दर आठवड्याला मनगट रगडून घ्यायचं, दोन दिवस बरं वाटायचं, आणि आत नस मरत असते.

ऑपरेशन तेवढ्यापुरता हात बधिर करून झालं. मी जागी होते, पडद्यापलीकडचं बोलणं ऐकत होते. तळहातावर बारीकसा छेद, आतला पट्टा कापायचा, की नेफा उसवला. पट्टी सोडल्यावर मी टाके बघितलेच. अंतर सारखं होतं, शेवटची गाठ जरा मोठी.

रात्रीच्या मुंग्या लगेच गेल्या. बोटांच्या टोकांचा बोथटपणा सावकाश गेला, आणि तळहाताच्या मुळाशी दाब पडला की दुखायचं ते काही महिने. कणीक मळणं, जमिनीवर हात टेकून उठणं, तिथे ब्रह्मांड आठवायचं. हे होतं, असं डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. सगळ्यांनाच सांगतात असं नाही.

माझी निम्मी गिऱ्हाइकं द्राक्षबागेत कामाला जातात. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढे घडांची विरळणी, दिवसभर हात वर आणि हातात कात्री. संध्याकाळी त्याच हाताने म्हशीची धार. मुंग्या आल्या तर ‘कामाचा हात आहे, व्हायचंच’ म्हणून सोडून देतात. त्यांना मी आता दुकानातच मिनिटभर पंजे लोंबवून उभं करते, दोघींना मिरजेला धाडलंय.

मशीन मी पूर्वीसारखंच चालवते. कात्री मात्र मोठ्या मुठीची घेतली, तिला धार लावून घेते आणि कापायचं काम सलग करत नाही. हुक लावायला मुलगी ठेवलीये. त्याचे पैसे वेगळे पडतात, पाटी दारावरच लावलीये, घासाघीस करू नये.