बिझनेस स्कूलचा रिसर्च कुणाच्या कामी येतो?

बिझनेस स्कूल म्हटलं की प्लेसमेंट आणि पॅकेज हेच आठवतं सगळ्यांना, तिथे रिसर्चही होतो याचा बाहेर फारसा कुणाला पत्ता नसतो. मला मात्र हा रिसर्च वाचायची चांगलीच गोडी लागलीये, कारण गरिबी, भेदभाव, आजारपण असल्या प्रश्नांवर तिथून झालेलं काही काम अक्षरशः जीव वाचवणारं आहे, आणि ते लोकांपर्यंत पोचत नाही याचं मला वाईट वाटतं.

किडनीचंच बघा. नवऱ्याच्या किडन्या निकामी झाल्यात, बायको स्वतःची एक द्यायला तयार आहे, पण रक्तगट जुळत नाही. तिकडे दुसरीकडे असंच अडकलेलं आणखी एक जोडपं आहे. हिची किडनी त्या पेशंटला चालते, तिकडची इकडे चालते, मग अदलाबदल करायची. ऐकायला सोपं वाटतं, पण ही जोडपी एकमेकांना शोधणार कशी? आणि बहुतेक सगळ्या देशांत किडनीची खरेदी-विक्री बेकायदा आहे, म्हणजे पैशाच्या जोरावर बाजार आपोआप जमेल असंही नाही. अ‍ॅल्विन रॉथ तेव्हा हार्वर्डला होते, बिझनेस स्कूल आणि इकॉनॉमिक्स दोन्हीकडे, त्यांनी तैफून सॉन्मेझ आणि उत्कू उन्व्हर यांना बरोबर घेऊन २००४ मध्ये पेपर लिहिला, की पैसा मध्ये न आणताही अशी जुळवणी पद्धतशीर करता येते.

आता खरी गंमत पुढे आहे. सर्जन म्हणाले, ठीक आहे, पण आम्हाला फक्त दोन-दोन जोड्यांचीच अदलाबदल झेपेल. कारण ऑपरेशनं एकाच वेळी करावी लागतात, इकडच्या बायकोने आज किडनी दिली आणि तिकडचीने उद्या माघार घेतली तर तिच्यावर कुणी जबरदस्ती करू शकत नाही. दोन जोड्या म्हणजे चार ऑपरेशन थिएटर आणि चार टीम एकाच वेळी मोकळ्या हव्यात, तीन जोड्या म्हटल्या की सहा! तर या तिघांनी काय केलं, सर्जनची अट तशीच मान्य केली आणि फक्त दोन जोड्यांसाठी नवीन गणित मांडलं, आणि त्यानंतर तीन जोड्या घेतल्या तर किती जास्त पेशंटना किडनी मिळेल तेही दाखवलं. पुढे साखळीची पद्धत आली. एखादा माणूस कुणाच्याही नात्यात नसताना स्वखुशीने किडनी देतो, ती एका पेशंटला मिळते, मग त्या पेशंटच्या घरचं माणूस पुढच्याला देतं, तो पुढच्याला. यात प्रत्येक जोडीला आधी मिळते आणि मग द्यायची असते, त्यामुळे मध्येच कुणी मागे फिरलं तरी स्वतःची किडनी देऊन बसलेलं आणि हातात काहीच नाही असं कुणाचं होत नाही, म्हणून सगळी ऑपरेशनं एकाच दिवशी करायची गरजच उरली नाही. २०१२ ला रॉथना लॉइड शॅप्ली यांच्यासोबत इकॉनॉमिक्सचं नोबेल मिळालं. मला विचाराल तर त्यांच्या कामातला सगळ्यात मोठा भाग तोच, सर्जन 'असं नाही जमणार' म्हणाले तेव्हा परत टेबलावर जाऊन बसण्याचा.

नोकरीतल्या भेदभावाचंही तसंच. भेदभाव होतो हे ज्याच्यावर होतो त्याला माहीतच असतं, पण समोरचा म्हणतो पुरावा दाखव. शिकागोच्या बिझनेस स्कूलमधल्या मारियान बर्ट्रांड आणि तेव्हा एमआयटीत असलेले सेंधिल मुल्लैनाथन यांनी बोस्टन आणि शिकागोमधल्या नोकरीच्या जाहिरातींना बनावट बायोडेटा पाठवले, पात्रता तोलामोलाची, नावं मात्र काही गोऱ्यांची वाटणारी आणि काही काळ्यांची. गोऱ्या नावाला साधारण १० बायोडेटामागे एक फोन यायचा, काळ्या नावाला १५ मागे. संपला वाद.

आणि पश्चिम आफ्रिकेतला टोगो देश! तिथल्या लोमे शहरात १५०० छोटे धंदेवाले घेतले, त्यांचे तीन गट केले. एकाला काहीच नाही, एकाला नेहमीचं बिझनेस ट्रेनिंग म्हणजे हिशेब, मार्केटिंग वगैरे, आणि तिसऱ्याला स्वतःहून पुढाकार कसा घ्यायचा, संधी कशी हेरायची, अडचण आली तरी कसं टिकायचं याचं मानसशास्त्रावर आधारलेलं ट्रेनिंग. या टीममधले मिखाएल फ्रेजे सिंगापूरच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकवायचे. २०१७ ला निकाल छापून आला, तिसऱ्या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढला, नेहमीच्या ट्रेनिंगवाल्यांचा ११ टक्के, आणि तो ११ सुद्धा योगायोग नाही असं खात्रीने म्हणता येत नाही.

मग असं काम इतकं कमी का होतं? माझं स्पष्ट मत आहे, माणसं वाईट नाहीत, प्रमोशनची पद्धत चुकीची आहे. फायनान्शियल टाइम्स हे ब्रिटिश वर्तमानपत्र बिझनेस स्कूलच्या रँकिंगसाठी ५० रिसर्च जर्नलं मोजतं, कॉलेजं ती यादी धरून बसतात, आणि तरुण प्रोफेसरला कळून चुकतं की हॉस्पिटलच्या मीटिंगमध्ये दोन वर्षं घालवण्यापेक्षा तयार डेटावर पेपर काढलेला बरा. ब्रिटनने यात एक चांगली गोष्ट केली, तिथल्या विद्यापीठांच्या रिसर्चच्या मूल्यमापनात २०१४ ला २० टक्के मार्क बाहेर काय फरक पडला याला ठेवले, २०२१ ला ते २५ केले. हे मला मनापासून पटतं. फक्त एक खोट आहे, ही फरक पडल्याची गोष्ट विद्यापीठ स्वतःच निवडून लिहितं, त्यामुळे जे चाललं नाही ते कुणी लिहीत नाही. आणि टोगोमधला तो ११ टक्क्यांचा आकडा मला ३० इतकाच मोलाचा वाटतो, कारण तसलंच नेहमीचं ट्रेनिंग सरकारं आणि संस्था जगभर अजूनही देतायत, आणि ते घ्यायला येणारी माणसं आपला धंदा बंद ठेवून वर्गात येऊन बसतात.